प्रायोजकाच्या टोपीखाली

'उतारी' : पत्त्यांच्या खेळांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मेंढीकोटच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, "गोव्यात पोकरच्या स्पर्धेला प्रायोजित खेळाडू म्हणून बसले तेव्हासुद्धा हातात दश्शी आली की मला ती टाकवत नव्हती." त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली आहेत की मेंढीकोटचं कोणी नावही काढलेलं नाही. म्हणून या वेळी फक्त पोकर.

काकू, तुम्ही सांगलीच्या, सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर केलेली. तुम्ही पोकरच्या स्पर्धेत पोचलात कशा? आणि 'प्रायोजित' म्हणजे पैसे नक्की कोणाचे? (एक वाचिका, इचलकरंजी)

पोचले ती भाच्यामुळे. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०१८ च्या गणपतीत घरी आला होता. गौरी जेवल्या की आमच्याकडे रात्री पत्ते निघतात, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची पद्धत. रमी खेळून कंटाळा आल्यावर त्यानं आम्हाला होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मधे पाच पानं उघडी : आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून सर्वांत चांगली पाच पानं लावायची. नियम एवढेच. बाकी सगळा खेळ किती लावायचं आणि कधी पानं टाकून द्यायची याचा.

त्या काळी ऑनलाइन पोकर चालवणाऱ्या कंपन्या फुकट प्रवेशाच्या स्पर्धा घेत. त्यांना 'फ्रीरोल' म्हणायचे. त्यात वर आलेल्याला पुढच्या स्पर्धेत जागा, तिथून वर आलं तर गोव्यातल्या मोठ्या स्पर्धेचा प्रवेश, हॉटेल आणि जाण्यायेण्याचा खर्च. भाच्यानं माझं नाव घालून ठेवलं आणि तो पुण्याला निघून गेला. मला रात्री झोप तशी कमीच. टॅब्लेट घेऊन बसायचे. फुकटची स्पर्धा म्हणून बहुतेक पोरं पहिल्या दोन-चार डावांतच सगळं लावून मोकळी होत. मी पानं टाकत राहायचे. त्यात माझी काही हुशारी होती असं नाही. एका जागी बसून राहण्याची नोकरीतली सवय कामाला आली.

तर पैसे कंपनीचे. गोव्यातल्या त्या स्पर्धेचा प्रवेश साधारण माझ्या शेवटच्या महिन्याच्या पगाराएवढा होता. स्वतःच्या खिशातून मी तो जन्मात भरला नसता, आणि भरला असता तर खेळू शकले नसते. हे मी विनयानं म्हणत नाही. टेबलावर माझ्या शेजारी एक मुलगा होता, तो उसनवारीवर आला होता, हे त्यानं मला चहाच्या सुट्टीत सांगितलं. त्याच्या हाताला घाम सुटलेला दिसायचा. पान उघडलं की त्याला पान दिसतच नव्हतं, त्याला घरी काय सांगायचं ते दिसत होतं. मला मात्र पान दिसत होतं. आज इतक्या वर्षांनी त्या स्पर्धेची आठवण गोड वाटते त्याचं निम्मं कारण हे आहे.

त्या बदल्यात कंपनीनं तुमच्याकडून काय घेतलं? फुकट कोणी काही देत नाही. (एक वाचक, बार्शी)

बरोबर ओळखलंत. त्यांनी मला एक काळी टोपी दिली, तिच्यावर त्यांचं नाव. टी-शर्टही दिला होता, तो मी नम्रपणे परत केला. मग साडीच्या पदराला लावायला शिवलेलं एक पट्टीवजा चिन्ह आलं, ते मी खांद्याजवळ सेफ्टी पिननं लावलं. खेळत असताना टोपी डोक्यावर हवी, कॅमेरा आला की हसायचं, आणि शेवटी दोन मिनिटं मराठीत बोलायचं. एवढाच करार.

पहिल्या तासात कॅमेरावाला माझ्याभोवतीच फिरत होता. हॉलमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळणारे होते, त्यांच्याकडे तो फिरकला नाही. साठीची बाई, इरकल, नाकात चमकी आणि वर ती टोपी! बघणाऱ्याला वाटावं, ही खेळू शकते तर आपण का नाही. प्रवेशाची किंमत त्यांनी माझ्याकडून अशी वसूल केली. मला ते तेव्हाच कळत होतं. वाईट वाटलं का? नाही वाटलं. काउंटरवर बसून बँकेच्या ठेव योजनांचे बिल्ले मी वर्षानुवर्षं लावले, त्यांतल्या काही योजनांत मी स्वतः एक रुपया ठेवला नव्हता. पण आज कोणी मला टोपीतला तो फोटो पुन्हा छापायला मागितला तर देणार नाही. कारण पुढे एका उत्तरात येईलच.

साडी नेसूनच खेळलात? (एक वाचिका, कोल्हापूर)

हो. वर लिहिलंच. आणि शाल. त्या हॉलमधला एसी फार थंड असतो, गुडघे धरतात.

मी तीस वर्षं तीन पत्ती खेळतो आहे. पोकर म्हणजे तीच ना, फक्त साहेबी थाटात? (निवृत्त शिक्षक, वाई)

सर, नातं आहे पण एक नाही. आणि तीन पत्तीच्या सवयीनं पोकरला बसाल तर पहिल्या तासात फसाल, ते असं.

तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं लागलेली पानं) मोठी, कलर (सगळी पानं एकाच चिन्हाची) लहान. पोकरमध्ये उलट : कलर मोठा, सिक्वेन्स लहान. हे कोणाच्या लहरीनं ठरलेलं नाही. बावन्न पानांतून तीन पानं उचलायचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे लागते आणि साधा कलर १,०९६ प्रकारे. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती वर. पाच पानं घेतली की चित्र पालटतं. साधा कलर ५,१०८ प्रकारे, सिक्वेन्स १०,२०० प्रकारे. आता कलर दुर्मीळ झाला, म्हणून तो वर चढला. हे गणित भाच्यानं सांगितल्यावर मी रात्री वहीत मांडून पाहिलं. बरोबर आलं.

गंमत पुढे आहे. याच न्यायानं तीन पत्तीत ट्रेलपेक्षा (तीन सारखी पानं) शुद्ध सिक्वेन्स (ओळीनं आणि एकाच चिन्हाची) वर असायला हवी, कारण ट्रेल ५२ प्रकारे लागते आणि शुद्ध सिक्वेन्स ४८ प्रकारे. पण आपल्याकडे ट्रेलच सर्वांत मोठी. तीन एक्के हातात आले आणि कोणी शुद्ध सिक्वेन्स दाखवून डाव नेला, तर त्या घरात भांडणं होतील. गणितानं तिथे माघार घेतली आहे असं मी समजते.

दुसरा फरक मोठा. तीन पत्तीत समोरच्याचं काहीच दिसत नाही. होल्डेममध्ये सातांतली पाच पानं सगळ्यांना दिसतात, त्यामुळे समोरच्याकडे काय असू शकतं याचा अंदाज बांधायला जागा राहते. ब्लाइंड चाल खेळून समोरच्याला घाबरवण्याची आपली कला तिथे फारशी चालत नाही.

ताई, एखादा डाव सांगा ना. सगळ्यात लक्षात राहिलेला. (एक विद्यार्थी, पुणे)

सांगते. पण आधी जागा डोळ्यासमोर आण.

आंबोली घाटानं गेले. पणजीला पोचले तेव्हा मांडवीवर अटल सेतूचं काम चाललेलं, जुन्या पुलांच्या डोक्यावर खांब उभे. गोव्याचा कायदा असा की कॅसिनोतले टेबलावरचे खेळ पाण्यातल्या जहाजावर, म्हणून धक्क्यावरून छोट्या लाँचनं जहाजावर जायचं. वर स्पर्धेच्या हॉलमध्ये लंबगोल टेबलं, प्रत्येक टेबलाला पानं वाटणारा डीलर, आणि सगळीकडे एकच आवाज : चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) बोटांतून खाली-वर करण्याचा. पावसाळ्यात पत्र्यावर बारीक सर यावी तसा तो आवाज न थांबता चालू असतो. पोरं हे विचार करताना नकळत करतात. मला ते जमेना. पण चिप्सच्या वीस-वीसच्या चळती लावणं मला त्यांच्यापेक्षा चांगलं जमत होतं. डीलर मुलीनं एकदा माझ्या चळतीकडे बघून न मोजताच मान डोलावली. कॅशियरला याहून मोठी शाबासकी नसते.

पत्ते झाकलेले असताना त्यांच्यावर काहीतरी वजन ठेवतात, नाहीतर डीलर चुकून ओढून घेतो. कोणी परदेशातून आणलेली जाड नाणी ठेवतात. मी चार आण्याचं नाणं ठेवलं होतं. चार आणे २०११ साली चलनातून गेले, त्या वेळी काउंटरवरून एक आठवण म्हणून घरी आलेलं. अख्ख्या टेबलावर माझे स्वतःचे म्हणावेत असे पैसे तेवढेच, आणि तेही चलनाबाहेरचे.

आता डाव. मला राण्या आल्या : इस्पिक राणी आणि चौकट राणी. राण्यांच्या वर फक्त राजांची आणि एक्क्यांची जोडी, त्यामुळे माझी पाळी येण्याआधीच मी मनात चिप्स मोजायला लागले होते. पण माझ्या आधी एका हूडवाल्या मुलानं रक्कम वाढवली. त्याच्या पुढच्या, सुरतच्या व्यापारी गृहस्थांनी ती तिप्पट केली. आणि बंगळुरूची एक इंजिनियर मुलगी, जिनं तोवर तासभर एकही पान खेळलेलं नव्हतं, ती शांतपणे "ऑल-इन" म्हणाली.

मग माझी पाळी. तासभर गप्प बसलेलं माणूस तीन माणसांच्या गर्दीत सगळं लावतं, तेव्हा त्याच्या हातात काय असतं? काउंटरवर मी हेच शिकले होते. रोज दोन हजार काढणारा खातेदार एक दिवस सगळं खातं रिकामं करायला आला, तर त्याला कारण असतं. मी राण्या टाकल्या. हूडवाल्यानंही पानं टाकली. सुरतकरांनी मात्र पूर्ण रक्कम भरली.

पानं उघडली. मुलीकडे एक्क्यांची जोडी, सुरतकरांकडे राजांची. एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एक. त्यात समोर राजे, आणि बाहेर माझ्या राण्या! डीलरनं मधली तीन पानं उलटली : किलवर नव्वी, बदाम राणी, चौकट चौकी. बदाम राणी! पुढची दोन पानं कोणाच्याच कामाची नव्हती. मी असते तर तीन राण्यांनी दोघांनाही झोपवलं असतं आणि माझ्या चिप्स तिपटीच्या जवळ गेल्या असत्या.

टाकलेल्या पानांबद्दल डाव संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. मी नाण्यावर बोट ठेवून बसले. नंतर सुट्टीत बेळगावच्या एका गृहस्थांना सांगितलं. ते आमच्याच टेबलावर होते, पण डाव चालू असताना हिंदी किंवा इंग्रजीच बोलायचं असल्यामुळे आमचं मराठी सुट्टीपर्यंत साठून राहायचं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो वहिनी, काय केलंत हे!" मी म्हटलं, "बरोबर केलं." अजूनही तेच म्हणते. तो डाव सहा-सात वेळा मांडला तर राण्या एखाद्या वेळी जिंकतात. नेमकी ती वेळ मी बाहेर बसून पाहिली, एवढंच. तो डाव आठवला की मला हसू येतं. हळहळ वाटायला माझं काय गेलं होतं? मघाशी म्हटलं ते हेच. उसनवारीवर आलेल्या त्या मुलाच्या राण्या असत्या तर त्या त्याला अजून झोपू देत नसत्या.

शेवटी जिंकलात की नाही ते सांगा. (अनेक वाचक)

नाही. बक्षिसाच्या जागा सुरू होण्याच्या थोडं अलीकडे बाहेर पडले. चिप्स कमी उरल्या होत्या, ब्लाइंड (डाव सुरू होण्याआधीच आळीपाळीनं लावावी लागणारी रक्कम) वाढत चालले होते. एक्का-राजा आला, सगळं लावलं. समोर सत्त्यांची जोडी. जवळपास छापा-काटा. पाच पानांत ना एक्का आला ना राजा. टेबलावरच्या सगळ्यांनी बोटांनी टेबल ठोकलं, ही तिथली दाद द्यायची रीत. बंगळुरूची मुलगी उठून उभी राहिली आणि वाकून नमस्कार करायला लागली, तिला मी मधेच धरलं. नंतर रात्री डेकवर सुरतकरांनी फाफडा काढला. एवढ्या मोठ्या जहाजावर, एवढ्या थाटाच्या जेवणावळीत, त्यांनी घरून डबा आणला होता. मला ते फार आवडलं.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. नोकरी सोडून पोकरवर पोट भरणार म्हणतो. अमेरिकेतल्या एका हिशेबनिसाचं उदाहरण देतो. मित्रांकडून उसने पैसेही घेतले आहेत. तुमचा लेख त्यानंच मला दाखवला. (एक आई, नाशिक)

ताई, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस इतर उत्तरं लिहिली नाहीत.

तो सांगतो ते उदाहरण खरं आहे. ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा हिशेबनीस. आडनावसुद्धा खरंच तेच. ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून त्याला लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेची दहा हजार डॉलरची जागा मिळाली आणि २००३ मध्ये तो ती स्पर्धा जिंकला. पंचवीस लाख डॉलर. पण मुलाला विचारा, त्या स्पर्धेत माणसं किती होती? ८३९. उरलेल्या ८३८ जणांतली किती नावं त्याला येतात? आणि मनीमेकर तिथे गेला तेव्हा हिशेबनिसाची नोकरी त्यानं सोडलेली नव्हती, हेही त्याला सांगा.

आता व्यवहार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. टोपीतला माझा फोटो मी का देणार नाही, ते आता कळलं असेल. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण ज्या शिडीनं मी फुकट वर गेले ती शिडीच आता नाही. तो आज कुठे ऑनलाइन पैसे लावत असेल तर ते बेकायदा ठिकाणी लावतो आहे, आणि तिथे पैसे बुडाले तर दाद मागायची कोणाकडे? शिवाय पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के कर लागतो आणि हरलेली रक्कम दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. हा हिशेब त्याच्याकडून कागदावर करून घ्या, तुमच्यासमोर.

उसने घेतलेले पैसे आधी परत. कोणाकडून किती, त्याची यादी त्यानं लिहायची, फेडायचं त्यानं, नोकरी करून. तुम्ही दागिने मोडून फेडू नका. तो वेळ मारून नेत असेल, खोटं बोलत असेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकाकडे न्या. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना जुगाराचं व्यसन नवीन नाही. आणि माझा लेख त्याला खेळायचं कारण म्हणून वापरायचा असेल तर त्याला सांगा, काकूंनी स्वतःचे चार आणे लावले होते. त्याला बोलायचं असेल तर संपादकांकडे माझा नंबर आहे. मी रागावणार नाही.

आता कोणाला अशी स्पर्धा खेळायची असेल तर? (एक वाचक, डोंबिवली)

महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे १९७६ चा कॅसिनोचा कायदा होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात जहाजांवर टेबलं आहेत. 'वर्ल्ड पोकर टूर'सुद्धा २०१७ मध्ये पणजीच्या 'डेल्टिन रॉयल' या जहाजावर आली होती. वय एकवीस पूर्ण हवं. खुद्द गोवेकरांना मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. खिशातून भरून जाणार असाल तर ती रक्कम परत येणार नाही असं धरून जा, सहलीचा खर्च धरतो तशी. तसं धरता येत नसेल तर पणजीत मासे खा, दोनापावलाला जा आणि परत या.

घरच्या घरी, पैसे न लावता खेळता येतं का? आम्ही सुट्टीत सगळी भावंडं जमतो. (इयत्ता नववी, मिरज)

उत्तम येतं, आणि माझ्या मते तसंच खेळावं. सहा जण असाल तर प्रत्येकाला वीस चिंचोके, आठ बटणं, चार सागरगोटे. चिंचोका दहाचा, बटण पन्नासचं, सागरगोटा शंभरचा. म्हणजे प्रत्येकाकडे एक हजार. डीलरच्या डावीकडच्यानं दहा, त्याच्या पुढच्यानं वीस आधीच लावायचे. हे झाले ब्लाइंड. दर डावाला डीलर एक जागा पुढे. दर वीस मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट, त्यासाठी आजीच्या हाती घड्याळ द्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. संपलेल्यानं पुन्हा चिंचोके मागायचे नाहीत, उठून पत्ते पिसायला बसायचं. दोन तासांत एक जण उरतो.

आमच्याकडे त्याला भडंगाचं पाकीट मिळतं. ते त्यानं लगेच तिथेच फोडायचं असा नियम आहे, आणि कांदा हरलेल्यांनी चिरायचा.